पुरुषांचे लैंगिक आरोग्य : नेहमीच्या शंका आणि त्यांची वैद्यकीय उत्तरे

टी. नगरमधील एक केंद्र

चेन्नईचा टी. नगर म्हणजे त्यागराय नगर हा भाग साड्या आणि सोन्याच्या दुकानांसाठी देशभर माहीत आहे. मांबलम स्टेशनवर उतरून रंगनाथन स्ट्रीटमध्ये शिरलात, तर सणासुदीच्या दिवसांत चालायला जागा मिळत नाही. याच टी. नगरमध्ये, रामन स्ट्रीटवर, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाचे एक केंद्र होते. एचआयव्हीची तपासणी, समुपदेशन आणि उपचार असे त्याचे काम. पुढे ते तरमणी भागात गेले. गायतोंडे हे आडनाव वाचून मराठी वाचक थबकेल, आणि ते बरोबरच आहे. केंद्राच्या संस्थापक डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या महाराष्ट्रीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता.

१९८५-८६ मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. एड्स हा परदेशी लोकांचा आजार आहे, आपल्याकडे तो येणार नाही, असे तेव्हा पुष्कळ जाणती माणसेही म्हणत. डॉ. सेल्लप्पन निर्मला या त्यांच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी विषय हवा होता. तो सॉलोमन यांनी सुचवला : शहरातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे रक्त तपासायचे. निर्मला यांनी नमुने गोळा केले, काही काळ ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची तपासणी झाली. सहा नमुने दूषित निघाले. भारतातील एचआयव्हीची ही पहिली नोंद. सॉलोमन यांनी १९९३ मध्ये आपले केंद्र सुरू केले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

पुरुषांच्या लैंगिक आरोग्यावरील पाठ या गोष्टीने का सुरू करावा? त्याचे कारण त्याच केंद्रातील एका पाहणीत आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत एचआयव्हीची लागण झालेल्या १३४ स्त्रियांची माहिती घेतली होती. त्यांपैकी ८८ टक्के स्त्रियांचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आला होता. बहुतेक जणी गृहिणी होत्या. म्हणजे रोग त्यांच्या घरात चालत आला होता, आणि आणणाऱ्याला तो आपल्याला झाला आहे हे बहुधा ठाऊकच नव्हते. पुरुष आपल्या शरीराविषयी गप्प राहतो तेव्हा त्या गप्प राहण्याची किंमत तो एकटा मोजत नाही.

या पाठात आपण दोन गोष्टी पाहणार आहोत. तरुण पुरुषांना छळणाऱ्या बहुतेक शंका आजार नसतातच, त्या कोणत्या, हे एक. आणि ज्यांना खरोखर आजार म्हणावे अशा थोड्या गोष्टी आहेत, ज्यांत कधी दिवस तर कधी तासही मोजावे लागतात, त्या कोणत्या, हे दुसरे. गडबड अशी होते की पहिल्या गटासाठी मुले पैसे खर्च करतात आणि दुसरा गट लपवून ठेवतात.

शब्दांनी केलेले नुकसान

वर्गात हा विषय निघाला की मागच्या बाकांवर हसू फुटते. ते हसू मला खटकत नाही. अवघडलेपण हसण्यातूनच बाहेर पडते. खटकते ती आपली भाषा. झोपेत वीर्यस्खलन होणे ही वयात आल्याची खूण आहे, पण तिचे प्रचलित नाव ‘स्वप्नदोष’. नावातच दोष! लैंगिक संसर्गाला आपण ‘गुप्तरोग’ म्हणतो, म्हणजे तो गुप्त ठेवायचा असतो हे नावानेच शिकवले. जुन्या पिढीकडे निदान ‘गरमी’ आणि ‘परमा’ असे रोखठोक शब्द होते, एक उपदंशासाठी, दुसरा पूयप्रमेहासाठी.

या विषयावर मराठीत मोकळेपणाने लिहिण्याचा प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. १९५३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते निघत होते. त्यात वाचकांच्या खासगी प्रश्नांना सरळ उत्तरे असत. हस्तमैथुनाबद्दल वाचक विचारत, कर्वे शास्त्राच्या आधारे सांगत. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. प्रश्न लैंगिक असला म्हणून उत्तर अश्लील ठरत नाही, असा युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. गंमत अशी की ज्या प्रश्नांवरून तो खटला झाला, तेच प्रश्न आज तुमच्या मोबाइलच्या शोधपट्टीत मध्यरात्री टाइप होतात.

‘धातू जातो’ : सर्वांत मोठी भीती

“सर, लघवीतून धातू जातो. अशक्तपणा आलाय. अभ्यासात लक्ष लागत नाही.” भारतीय उपखंडातील डॉक्टरांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये त्याला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. रुग्णाला थकवा असतो, छातीत धडधड असते, झोप नसते, अपराधी वाटत असते. तक्रार खोटी नसते. चुकते ते कारण.

यामागची कल्पना साधारण अशी : अन्नापासून रस, रसापासून रक्त, असे करत शेवटी वीर्य बनते आणि रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब. मग ते वाया जाणे म्हणजे शरीरातील सगळे सत्त्वच वाया जाणे. ही भीती फक्त आपली आहे असे समजू नका. स्वित्झर्लंडमधील तिसो नावाच्या वैद्याने १७६० मध्ये हस्तमैथुनाच्या ‘दुष्परिणामांवर’ एक पुस्तक लिहिले आणि त्यापुढे शंभर-दीडशे वर्षे युरोपातील डॉक्टर त्याच भीतीने मुलांना घाबरवत राहिले. त्यांच्याकडे ती शरीरशास्त्राच्या अभ्यासाने मागे पडली. आपल्याकडे तिच्यावर अजून दुकाने चालतात.

आता प्रत्यक्ष काय असते ते पाहू. एका वेळचे वीर्य साधारण दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे फार तर एक चमचा. त्याचा बहुतांश भाग शुक्राशय आणि पुरस्थ ग्रंथी यांच्या स्रावाचा असतो. त्यात पाणी, थोडी फ्रुक्टोज साखर, थोडी प्रथिने आणि जस्तासारखी खनिजे असतात. शुक्राणूंचा वाटा जेमतेम दोन ते पाच टक्के. रक्ताचे वीर्य होत नाही. एका वेळी जेवढे पोषण बाहेर जाते, त्याची भरपाई दोन घास भाताने होते. वृषणांत शुक्राणू अखंड तयार होत असतात. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पण कारखान्याची रांग कधी थांबत नाही. वापरले नाही तर जुने शुक्राणू शरीरातच विरघळून जातात. साठवून बळ वाढत नाही.

मग लघवीत दिसते ते पांढरे काय? बहुतेक वेळा फॉस्फेटचे क्षार. जेवणानंतर किंवा पाणी कमी प्यायल्यावर लघवी गढूळ दिसते. प्रयोग करायचा असेल तर काचेच्या भांड्यात अशी लघवी घेऊन त्यात व्हिनेगरचे काही थेंब टाका. क्षार असतील तर ती निवळते. शौचाला जोर केल्यावर थेंबभर चिकट द्रव येतो तो पुरस्थ ग्रंथीचा स्राव, तोही निरुपद्रवी. उत्तेजनेच्या वेळी येणारा पारदर्शक चिकट द्रव वेगळा, तो नैसर्गिक वंगण आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा : त्यात कधी कधी शुक्राणू असू शकतात, म्हणून ‘वेळेवर बाहेर काढले’ हा गर्भनिरोधाचा भरवशाचा उपाय नाही.

हस्तमैथुनाने दृष्टी जात नाही, गाल बसत नाहीत, लिंग वाकडे किंवा लहान होत नाही, पुढे मूल न होण्याचा धोका येत नाही. किती वेळा म्हणजे जास्त, याला वैद्यकीय आकडा नाही. तास चुकत असतील, नाती दुरावत असतील, कातडी सोलवटत असेल किंवा थांबायचे ठरवूनही थांबता येत नसेल, तर समुपदेशकाशी बोलण्याइतका प्रश्न आहे. बाकी वेळी प्रश्न नाही.

मग तो थकवा, ती उदासी कुठून येते? पुष्कळ वेळा ‘धातू’ची तक्रार घेऊन आलेल्या तरुणाला खरे म्हणजे नैराश्य किंवा चिंताविकार असतो, आणि ते सांगायला त्याच्याकडे दुसरे शब्द नसतात. घर सोडून परगावी आलेला मुलगा, परीक्षेचा ताण, तोडकी झोप, मेसचे जेवण, यांचे ओझे तो वीर्यावर टाकतो. त्याला ‘काही नाही रे, जा’ म्हणून वाटेला लावणारा डॉक्टरही चुकतोच. उपचार हवा आहे, तो मनाला. कधी रक्तक्षय किंवा थायरॉइडचाही त्रास निघतो, म्हणून साधी रक्ततपासणी करून घ्यावी.

ताठरता न येणे आणि लवकर स्खलन होणे

या दोन तक्रारी एकमेकींत मिसळतात, म्हणून आधी वेगळ्या करू. संबंधासाठी पुरेशी ताठरता न येणे किंवा ती न टिकणे ही एक. इच्छेआधीच स्खलन होणे ही दुसरी.

ताठरता ही रक्ताभिसरणाची क्रिया आहे. उत्तेजना झाली की मज्जातंतूंच्या टोकाशी नायट्रिक ऑक्साइड सुटते, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त आत भरते आणि बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जातात. मन घाबरले की शरीर अॅड्रेनलिन सोडते आणि ते रक्तवाहिन्या आकसवते. म्हणजे ‘जमेल ना?’ या काळजीनेच न जमणे शक्य आहे. पहिल्या रात्री किंवा नव्या जोडीदाराबरोबर असे होणे अगदी सामान्य आहे. एकदा झाले की माणूस पुढच्या वेळी आधीपासून घाबरतो, आणि चक्र सुरू होते.

शारीरिक कारण आहे की मानसिक, याचा एक सोपा अंदाज तुम्हाला घरीच येतो. निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ताठरता येते. सकाळी जाग येताना जाणवते ती बहुधा त्यांपैकी शेवटची. सकाळी ती नेहमीसारखी येत असेल आणि फक्त जोडीदाराबरोबर अडचण होत असेल, तर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बहुधा ठीक आहेत. सकाळची ताठरताही हळूहळू नाहीशी झाली असेल तर मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन यांची तपासणी हवी. तंबाखू आणि दारू यांचाही वाटा मोठा. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषात ही तक्रार विशेष गंभीरपणे घ्यावी लागते, कारण लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात. चरबी साचू लागली की आधी त्या तुंबतात, आणि छातीत दुखण्याच्या काही वर्षे आधी सूचना इथे मिळते. तुमच्या वडिलांच्या वयाच्या कोणी हे लपवून ठेवत असेल तर तो हृदयविकाराची पहिली चिठ्ठी फाडून टाकतो आहे.

सिल्डेनाफिल हे औषध १९९८ मध्ये आले आणि त्याचा पुष्कळांना उपयोग होतो. परंतु हृदयविकारासाठी नायट्रेट गटाची औषधे घेणाऱ्याने ते घेतले तर रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचे औषध आहे. विशीतील निरोगी मुलांनी ‘एकदा बघू’ म्हणून मित्राची गोळी घेण्यात दुसराही तोटा आहे : पुढच्या वेळी गोळीशिवाय जमेल का, ही नवी काळजी सुरू होते.

शीघ्रपतनाबद्दल आधी आकडा सांगतो. २००५ मध्ये पाच देशांतील जोडप्यांना स्टॉपवॉच देऊन एक अभ्यास झाला. प्रत्यक्ष समागमाचा मध्यम कालावधी निघाला ५.४ मिनिटे. अश्लील चित्रफितींत अर्धा तास दिसतो तो संकलकाच्या कात्रीचा प्रताप. वैद्यकीय व्याख्येनुसार पहिल्यापासूनच जवळजवळ प्रत्येक वेळी सुमारे एका मिनिटाच्या आत स्खलन होणे, ते रोखता न येणे आणि त्याचा मनस्ताप होणे, असे तिन्ही असेल तर आयुष्यभराचे शीघ्रपतन म्हणतात. आधी ठीक असताना नंतर वेळ घटून सुमारे तीन मिनिटांवर किंवा त्याखाली आली, तर तो दुसरा प्रकार. दोन्हींवर उपाय आहेत. स्खलन जवळ आल्यासारखे वाटले की थांबायचे, ओसरले की पुन्हा सुरू करायचे, हा सराव १९५६ पासून वैद्यकीय लिखाणात आहे. तो जोडीदाराच्या मदतीने काही आठवडे करावा लागतो. निरोधनेही थोडा फरक पडतो. न जमल्यास बधिरता आणणारे मलम किंवा डॅपोक्सेटिनसारखी गोळी डॉक्टर देतात.

आकाराबद्दल दोनच वाक्ये. २०१५ मध्ये सुमारे १५,५०० पुरुषांच्या मोजमापांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ताठर अवस्थेतील सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर निघाली. कोणतेही तेल, भुकटी किंवा पंप ती कायमची वाढवत नाही.

ज्यांत उशीर चालत नाही

आता दुसऱ्या गटाकडे वळू. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

एका वृषणात अचानक, असह्य वेदना सुरू झाल्या, मळमळले, वृषण वर ओढल्यासारखे दिसले, तर ती वृषणाला पीळ बसल्याची खूण असू शकते. त्यात रक्तपुरवठा तुटतो. सुमारे सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर वृषण बहुधा वाचते, पुढे शक्यता झपाट्याने घटते. ही घटना किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला जास्त घडते. रात्री दोन वाजता दुखू लागले तर सकाळची वाट पाहायची नाही. वसतिगृहातील खोलीमित्राला लाज न बाळगता उठवा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

वृषणात न दुखणारी गाठ लागली तर तीही दाखवा. वृषणाचा कर्करोग क्वचित होतो, पण झाला तर साधारण १५ ते ४० या वयात. वेळेत सापडला तर तो पूर्ण बरा होण्याची शक्यता फार चांगली असते. महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या आंघोळीनंतर दोन्ही वृषणे बोटांत हलके फिरवून पाहावीत. एक दुसऱ्यापेक्षा थोडे खाली असणे स्वाभाविक आहे. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखे लागते ती शुक्रवाहिनीची गुंडाळी, तिला गाठ समजू नका. वृषणाच्या वर शिरांचा किड्यांच्या जुडग्यासारखा फुगवटा सुमारे १५ टक्के पुरुषांत आढळतो. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो, काहींत शुक्राणूंवर परिणाम होतो.

लैंगिक संसर्गांची चिन्हे : लिंगावर फोड किंवा जखम, लघवीच्या मार्गातून पू, लघवी करताना जळजळ, जांघेत गाठी. उपदंशाची पहिली जखम दुखत नाही, आणि उपचार न करताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. फसगत इथेच होते. जखम गेली म्हणजे रोग गेला असे वाटते. तो रक्तात राहतो आणि वर्षांनंतर हृदय, मेंदू, डोळे यांवर येऊ शकतो. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथीन पेनिसिलिनचे एक इंजेक्शन सहसा पुरते. क्लॅमिडिया तर पुष्कळांत काहीच चिन्ह दाखवत नाही. औषधाच्या दुकानातून दोन प्रतिजैविक गोळ्या आणून खाल्ल्या की पू थांबतो, जंतू मात्र अर्धवट मेलेला आणि औषधाला सरावलेला उरतो. जोडीदारावर उपचार न करता फक्त स्वतः औषध घेतले तर संसर्ग परत येतो. टी. नगरच्या केंद्रातील त्या १३४ स्त्रिया इथे आठवाव्यात.

याउलट, लिंगाच्या टोकाच्या कडेने ओळीत दिसणारे बारीक मोत्यासारखे दाणे किंवा कातडीवरचे फिकट पिवळे ठिपके हे रोग नाहीत. ते जन्मभर तसेच राहिले तरी बिघडत नाही. शंका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ एका नजरेत सांगतो.

एचआयव्हीबद्दल तीन आकडे पाठ करा. असुरक्षित संबंधानंतर धोका वाटत असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. गरज वाटल्यास ते २८ दिवसांची प्रतिबंधक औषधे सुरू करतात, आणि ती जितकी लवकर तितकी चांगली. चौथ्या पिढीच्या प्रयोगशाळा चाचणीचा निष्कर्ष सुमारे ४५ दिवसांनी, साध्या जलद चाचणीचा ९० दिवसांनी पक्का मानता येतो. दुसऱ्या दिवशी केलेली चाचणी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून निर्धास्त होऊ नये. लागण निघालीच, तर १९८६ मधली निराशा आज उरलेली नाही. नियमित औषधांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्यापलीकडे घटले की लैंगिक संबंधातून लागण दुसऱ्याला जात नाही.

निरोध वापरताना होणारी एक चूक इथेच सांगतो, कारण ती पुष्कळ जण करतात. लॅटेक्सच्या निरोधावर खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा क्रीम लावू नये. तेलाने रबर कमजोर होते आणि फाटते. पाण्यावर आधारित वंगणच वापरावे.

भिंतीवरची जाहिरात

रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंती, मुताऱ्यांतले स्टिकर, लॉजवर ठरावीक तारखांना येणारे ‘अनुभवी वैद्य’, आणि आता मोबाइलवर मागे लागणाऱ्या चित्रफिती : रूप बदलले, मजकूर तोच. ‘लहानपणीच्या चुका’, ‘गमावलेली शक्ती’, ‘खात्रीने’. या मजकुराची रचना लक्ष देऊन वाचा. तो आधी तुम्हाला नसलेला आजार देतो आणि मग त्याचे औषध विकतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्याचा किंवा वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत. औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात ज्या आजारांवर बरे करण्याचा दावा करता येत नाही त्यांची यादी आहे. नपुंसकता, शीघ्रपतन, वीर्यस्राव, आणि लिंगाचा आकार वाढवणे, हे सगळे तिच्यात आहे. म्हणजे भिंतीवर ज्याने हे लिहिले, त्याने पहिल्याच ओळीत कायदा मोडला आहे. त्याच्या औषधावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायला एवढे पुरे व्हावे.

‘वनस्पतीचे आहे, अपाय नाही’ हेही ऐकू येते. अशा कॅप्सूलमध्ये लेबलवर न लिहिता सिल्डेनाफिल मिसळलेले अनेक देशांच्या औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे. काही भुकट्यांत शिसे आणि पारा सापडला आहे. कोणत्या उपचारपद्धतीवर तुमचा विश्वास आहे हा वेगळा मुद्दा. त्या पद्धतीचा नोंदणीकृत वैद्य तुम्हाला समोर बसवतो, प्रश्न विचारतो, तपासतो आणि चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहितो. न तपासता, फोनवरून, तीन महिन्यांचा ‘कोर्स’ आगाऊ पैसे घेऊन पाठवणारा तसा नसतो.

दवाखान्यात गेल्यावर

कोणाकडे जायचे? लघवीचा मार्ग, वृषण, ताठरता यांसाठी मूत्ररोगतज्ज्ञ. फोड, जखम, पू यांसाठी त्वचा व लैंगिक रोग विभाग. चिंता, उदासी, ‘धातू’ची भीती यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ. काहीच ठरत नसेल तर कॉलेजचा किंवा घरचा डॉक्टर पहिली पायरी म्हणून चालतो. सरकारी रुग्णालयांत लैंगिक संसर्गांवरील केंद्रे ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने चालतात, आणि एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रांत एचआयव्ही चाचणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ही चाचणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निष्कर्ष गुप्त ठेवावा लागतो. तुम्ही सज्ञान असाल तर डॉक्टर घरी फोन करून सांगणार नाहीत.

बोलायला शब्द सुचत नसतील तर आधी कागदावर लिहून न्या : काय होते, केव्हापासून, किती वेळा, सकाळची ताठरता येते का, कोणती औषधे चालू आहेत, असुरक्षित संबंध आला होता का आणि कधी. शेवटच्या प्रश्नाला खोटे उत्तर देऊ नका, डॉक्टर न्यायाधीश नसतो. तपासणी दोन-तीन मिनिटांची असते. तपासताना ताठरता आली तर लाजू नका, डॉक्टरांना ते नवीन नाही. लघवी किंवा रक्ताचा नमुना मागतील. पुरुष डॉक्टर हवा असेल तर नोंदणी करतानाच सांगता येते.

परगावी असाल आणि भाषेची अडचण असेल, जशी टी. नगरमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या मराठी मुलाला तमिळची असते, तर वरचा कागद साध्या इंग्रजीत लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. एचआयव्ही आणि लैंगिक संसर्गांच्या माहितीसाठी १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत क्रमांक आहे. मन फारच खचले असेल तर टेलि-मानसचा १४४१६.